उभी गाडी स्वस्थ बसत नाही

गाडी सुरू करायला जास्त वीज लागते की नुसती उभी ठेवायला? प्रश्न खुळा वाटेल. सेल्फ मारला की बॅटरीतून शे-दीडशे अँपिअरचा लोंढा सुटतो, डॅशबोर्डवरचे दिवे क्षणभर मंदावतात आणि इंजिन थरथरत जागं होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेल्या गाडीत मात्र ना दिवा, ना पंखा, ना किल्ली. तिथे खर्च कसला होणार?

हिशेब मांडून पाहू. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. म्हणजे ढोबळमानाने तिच्यातून एक अँपिअर प्रवाह 35 तास मिळेल. सेल्फला दीडशे अँपिअर लागतात खरे, पण लागतात किती वेळ? दोन सेकंद धरा. झाले 300 अँपिअर-सेकंद, म्हणजेच जेमतेम 0.08 अँपिअर-तास. आता उभी गाडी घ्या. किल्ली काढून, दारं लावून आपण घरी गेलो तरी आजची गाडी 20 ते 50 मिलीअँपिअर प्रवाह ओढतच असते. 30 मिलीअँपिअर धरले तर दिवसाचे 0.72 अँपिअर-तास होतात. याचा अर्थ असा, की कव्हरखाली गप्प उभी असलेली गाडी रोज आठ-नऊ वेळा सेल्फ मारण्याइतकी वीज संपवते. महिनाभरात जवळजवळ 22 अँपिअर-तास. पस्तिसातले बावीस!

रोज चालणाऱ्या गाडीच्या मालकाला हा खर्च कधी दिसत नाही, कारण इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तो भरून काढतो. उभ्या गाडीत भरून काढणारं कुणी नसतं. ‘गाडी वापरतच नाही, मग बॅटरी खराब होईलच कशी’ हा समज इथेच पहिली ठेच खातो. आणि ही फक्त बाहेरून दिसणारी बाजू झाली. बॅटरीच्या बंद खोक्याच्या आत जे चालतं, ते याहून चकित करणारं आहे.

कव्हरखाली कोण जागं असतं?

रिमोटचं बटण दाबताक्षणी दार उघडतं, याचा अर्थ गाडीतला एक रिसीव्हर त्या किल्लीच्या संकेतासाठी रात्रंदिवस कान टवकारून असतो. चोरी रोखणारी अलार्मची यंत्रणा जागी असते. घड्याळ चालू असतं. म्युझिक सिस्टिमला स्टेशनं आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला शिकलेल्या गोष्टी लक्षात ठेवायच्या असतात. गाडी बंद केल्याबरोबर हे सगळे कॉम्प्युटर झोपी जात नाहीत. काही मिनिटं जागे राहून ते एकेक करून डोळे मिटतात. त्यातला एखादा झोपलाच नाही, तर खर्च कितीतरी पट वाढतो. मागाहून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर असेल, तर तोही याच पंगतीला बसतो.

डिकीतला पाच वॅटचा छोटा बल्ब स्विच बिघडल्यामुळे पेटता राहिला, तर तो दिवसाला दहा अँपिअर-तास खातो. चौथ्या दिवशी बॅटरी साफ. डिकी बंद असल्यामुळे तो पेटलाय हे बाहेरून कुणाला दिसतही नाही.

जुन्या फियाट-अँबॅसिडरच्या काळात ही भानगड नव्हती. किल्ली काढली की घड्याळाखेरीज फारसं काही चालू नसायचं, आणि बॅटरी उतरलीच तर पुढून हँडल मारायची सोय होती. आजच्या गाडीला हँडल नाही, आणि ऑटोमॅटिक गिअर असला तर चार माणसं बोलावून धक्का मारूनही काही होत नाही. गाडी जितकी हुशार झाली, तितकी ती त्या दहाएक किलोच्या खोक्यावर जास्त विसंबून राहू लागली.

दोन रंगांचं शिसं

ते खोकं जवळजवळ पावणेदोनशे वर्षांमागचं आहे. 1859 साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच वैज्ञानिकाने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवल्या, त्यांची गुंडाळी केली आणि ती पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली. बाहेरून वीज दिल्यावर एका पत्र्यावर तपकिरी थर चढला, आणि मग तीच वीज त्या गुंडाळीतून परत घेता आली. पुन्हापुन्हा भरता येणारी पहिली कामाची बॅटरी ती हीच. 1881 साली कामिय फोर याने नुसत्या पत्र्याऐवजी शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या प्लेटा केल्या आणि बॅटरीची ताकद एकदम वाढली. त्याच वर्षी फोरच्या सेलची एक भरलेली पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन यांच्याकडे नेण्यात आली. हेच थॉमसन पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले. त्या पेटीत दहा लाख फूट-पाउंड ऊर्जा साठवलेली होती, आणि वीज पेटीत घालून एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते याचं त्या काळी केवढं नवल झालं! आपल्या विजेच्या बिलाच्या भाषेत ती ऊर्जा भरते सुमारे 0.38 युनिट. आजच्या लहान गाडीच्या बॅटरीत असतं 0.42 युनिट. म्हणजे केल्व्हिन यांना भेटायला निघालेली ती पेटी आपल्या प्रत्येकाच्या बॉनेटखाली बसलेली आहे.

आतली रचना अजूनही मुळात तीच. सहा कप्पे, प्रत्येकाचं व्होल्टेज सुमारे 2.1, मिळून 12.6. प्रत्येक कप्प्यात दोन जातींच्या प्लेटा एकाआड एक असतात. एका जातीवर तपकिरी लेड डायऑक्साइड, दुसरीवर राखाडी, सच्छिद्र शिसं. दोन्ही मूळचं शिसंच, पण एकाला इलेक्ट्रॉन हवे आहेत आणि दुसऱ्याला ते द्यायचे आहेत. बाहेरून तार जोडली की देवाणघेवाण सुरू होते, आणि इथेच पहिली गंमत घडते. तपकिरी प्लेट आणि राखाडी प्लेट, दोन्ही एकाच पांढऱ्या पदार्थात बदलू लागतात. तो पदार्थ म्हणजे लेड सल्फेट. बॅटरीची सगळी ताकद दोन प्लेटांमधल्या फरकात असते. दोन्ही सारख्याच पांढऱ्या झाल्या की फरक मिटतो आणि त्याबरोबर वीजही संपते. चार्जिंग म्हणजे या एकाच पांढऱ्यातून पुन्हा तपकिरी आणि राखाडी वेगळं करणं.

सल्फेट बनायला गंधक येतं ॲसिडमधून. त्यामुळे बॅटरी उतरत जाते तसतसं आतलं द्रव पाण्याजवळ सरकतं आणि हलकं होतं. पूर्ण भरलेल्या बॅटरीत त्याची घनता पाण्याच्या 1.28 पटीपर्यंत असते, उतरलेल्या बॅटरीत 1.12 च्या आसपास. बॅटरीवाला काचेची नळी बुडवून ‘ग्रॅव्हिटी’ बघतो, तेव्हा तो खरं तर त्या पाण्याचं वजन करून आत किती वीज उरली आहे हे वाचत असतो. याच कारणाने कॅनडासारख्या देशातल्या कडाक्याच्या थंडीत उतरलेली बॅटरी आतून गोठून फुटू शकते. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे 60 अंशांच्याही खाली द्रव राहतं. रिकामीतलं पाणचट ॲसिड उणे 10 च्या आसपासच बर्फ होतं.

सेल्फ मारताना आइन्स्टाइन

पण शिसंच का? धातू तर ढिगाने आहेत. या प्रश्नाचं उत्तर 2011 साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात आलं, आणि ते वाचून कुणीही बॉनेटकडे वेगळ्या नजरेने बघेल.

शिशाच्या अणूच्या केंद्रात 82 प्रोटॉन असतात. एवढ्या जबरदस्त ओढीमुळे केंद्रालगतच्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या साठ टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे 1,80,000 किलोमीटर. एवढ्या वेगाला न्यूटनचे नियम पुरत नाहीत. तिथे आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताचा अंमल चालतो. या सिद्धान्तानुसार अशा इलेक्ट्रॉनांच्या कक्षा आकसतात. बाहेरच्या कक्षेतलेही काही इलेक्ट्रॉन केंद्राच्या अगदी जवळून जातात, त्यामुळे तेही केंद्राशी नेहमीपेक्षा घट्ट बांधले जातात. तपकिरी लेड डायऑक्साइडमधल्या शिशाने नेमके हेच इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, म्हणून ते परत मिळवण्याची त्याची धडपड फार मोठी असते. ही धडपड म्हणजेच बॅटरीचं व्होल्टेज.

शास्त्रज्ञ राजीव आहुजा, पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या लेखात हे सगळं दोनदा गणित करून तपासलं, एकदा सापेक्षता धरून आणि एकदा ती वगळून. निष्कर्ष असा, की प्रत्येक कप्प्याच्या 2.1 व्होल्टपैकी 1.7 ते 1.8 व्होल्ट एकट्या सापेक्षतेमुळे मिळतात. बारा व्होल्टच्या बॅटरीत दहाहून जास्त व्होल्ट! मूलद्रव्यांच्या तक्त्यात शिशाच्या बरोबर वर कथील बसतं. ते स्वभावाने शिशासारखंच, पण अणू हलका, त्यामुळे हा परिणाम तिथे फिका. म्हणूनच कथलाची अशी बॅटरी बनत नाही. काळ आणि अवकाशाबद्दल बोलणारा सिद्धान्त म्हटलं की आपल्याला कृष्णविवरं आठवतात. तो रोज सकाळी ऑफिसला निघताना गाडीही सुरू करून देतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

जे टिकायलाच नको, ते टिकतं

दुसरं नवल पहिल्याच्या तोडीचं आहे. पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन व्हायला तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरतात. बॅटरीच्या प्रत्येक कप्प्यात 2.1 व्होल्ट आहेत आणि प्लेटा चक्क पाण्यात उभ्या आहेत. मग रसायनशास्त्राच्या नियमाने भरलेली बॅटरी आपलंच पाणी फोडत, बुडबुडे सोडत, बघता बघता रिती व्हायला हवी. ती होत नाही, याचं कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन वायू तयार होण्याची क्रिया कमालीची संथ असते. भरलेली बॅटरी कायम टिकेल अशा पक्क्या पायावर उभी नसते. तिला या संथपणाने तेवढं तगवून धरलेलं असतं.

पण संथ म्हणजे थांबलेली नव्हे. टर्मिनलला एकही तार जोडलेली नसली तरी आतल्या प्लेटा थोड्या थोड्या पांढऱ्या होतच राहतात. आजच्या कॅल्शियम-मिश्रित शिशाच्या बॅटऱ्यांमध्ये ही आपोआप होणारी झीज साधारण तापमानाला महिन्याला तीन ते पाच टक्के असते. पूर्वी प्लेटांच्या जाळ्या मजबूत व्हाव्यात म्हणून शिशात अँटिमनी मिसळत. तिच्यामुळे हायड्रोजन सुटणं सोपं व्हायचं, बॅटरी लवकर उतरायची आणि पाणीही वरचेवर घालावं लागायचं. अँटिमनीच्या जागी कॅल्शियम आलं, आणि ‘मेंटेनन्स-फ्री’ बॅटरी शक्य झाली.

उष्णता हा संथपणा मोडते. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही झीज जवळजवळ दुप्पट होते. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून जास्त. तिथे पाणी उडतं आणि प्लेटांच्या जाळ्या गंजून कमकुवत होतात. तरीही बॅटरी दगा देते ती बहुधा डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे, कारण थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनचं तेल घट्ट झाल्यामुळे सेल्फला जास्त जोर लावावा लागतो. आपण थंडीला दोष देतो. घाव मात्र उन्हाळ्याने घातलेला असतो.

पिठीसाखर आणि खडीसाखर

बॅटरी नुसती उतरली एवढंच असतं, तर बिघडलं नसतं. पुन्हा भरली असती. खरं नुकसान होतं ते उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने.

नुकतंच तयार झालेलं लेड सल्फेट अगदी बारीक कणांचं असतं. चार्जिंगचा प्रवाह आला की ते सहज विरघळून पुन्हा शिसं आणि लेड डायऑक्साइड बनतं. पण त्याला तसंच राहू दिलं, तर छोटे कण हळूहळू विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. निसर्गात स्फटिकांची ही नेहमीची रीत आहे: मोठे वाढतात, छोटे नाहीसे होतात. दुधात पिठीसाखर टाकली तर ढवळायच्या आत विरघळते, खडीसाखरेचा खडा मात्र तळाशी तसाच बसून राहतो. पदार्थ एकच, फरक फक्त द्रवाला भिडणाऱ्या पृष्ठभागाचा. बॅटरीतही हेच घडतं. आठवड्याभरापूर्वीची पिठी काही महिन्यांत खडा बनते. लेड सल्फेटमधून वीज जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तेवढा भाग प्लेटेतून कायमचा बाद होतो. याला सल्फेशन म्हणतात, आणि कमी वापराच्या गाड्यांच्या बहुतेक बॅटऱ्या याच दुखण्याने जातात.

भरीला आणखी एक गोष्ट. चार्जिंग होताना प्लेटांमधून दाट ॲसिड बाहेर पडतं आणि जड असल्यामुळे तळाशी साठतं. वर पातळ, खाली दाट असे थर पडतात आणि प्लेटांचा खालचा भाग लवकर सल्फेट धरतो. चालत्या गाडीत हादऱ्यांमुळे हे द्रव ढवळलं जातं. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांच्या बाजूने बोलायला एवढी एक गोष्ट आहे. तेच हादरे प्लेटांवरचा लेपही झाडतात, हे मात्र लगेच जोडून सांगायला हवं.

इथे वाचकाच्या मनात शंका येईल. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरीही शिशाचीच, लोडशेडिंगच्या दिवसांत ती रोज उतरायची आणि रोज भरायची, तरी वर्षानुवर्षं टिकायची. मग गाडीचीच एवढी नाजूक का? कारण दोघींना दिलेलं काम वेगळं आहे. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला, आणि हँडल मारण्याचं कष्टाचं काम बॅटरीकडे आलं. दोन सेकंदांत दीडशे अँपिअर द्यायचे तर ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड हवा. म्हणून गाडीच्या बॅटरीत पातळ, सच्छिद्र प्लेटा दाटीवाटीने बसवतात. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीतल्या प्लेटा जाड आणि नळ्यांत बंद असतात. त्या हळूहळू देतात, पण खोलवर रिकाम्या झाल्या तरी सहन करतात. गाडीची बॅटरी क्षणभर मोठं बळ लावायला बनवलेली आहे. आपण तिला महिनोन्‌महिने घड्याळ आणि अलार्म सांभाळायला बसवतो, म्हणजे नेमकं तिच्या घडणीविरुद्धचं काम देतो.

टक टक टक

सुट्टीवरून परतल्यावर किल्ली फिरवली, दिवे लागले, हॉर्नही वाजला, पण सेल्फच्या जागी नुसतं ‘टक टक टक’ झालं. बॅटरी जिवंत दिसते आहे, मग इंजिन का फिरत नाही? दिव्याला चार-पाच अँपिअर पुरतात, तेवढे थकलेली बॅटरीही देते. सेल्फ मात्र शंभराहून जास्त मागतो. सल्फेटने अडवलेल्या प्लेटांमधून तेवढा प्रवाह काढायला गेलं की व्होल्टेज कोसळतं. स्टार्टरला जोडणारा सोलेनॉइड आत खेचला जातो, मोटारीचा भार येतो, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, भार गेल्यामुळे व्होल्टेज सावरतं आणि तो पुन्हा खेचला जातो. सेकंदाला अनेक वेळा चाललेली ही खेचाखेच म्हणजे ती टकटक.

म्हणून मल्टिमीटर लावायचा तो गाडी काही तास उभी राहिल्यानंतर, आणि त्याच्या आकड्याचं महत्त्व ओळखून. 12.6 किंवा जास्त म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे पाव. भरलेली आणि जवळपास रिकामी यांच्यात फरक फक्त अर्ध्या-पाऊण व्होल्टचा! ‘बारा दाखवतंय, म्हणजे ठीक आहे’ असं म्हणणाऱ्याची बॅटरी प्रत्यक्षात तीन-चतुर्थांश संपलेली असते. 12.4 च्या खाली गेली की चार्जिंगला लावायची, हा सोपा नियम. बॅटरीवरचा हिरवा डोळा बघून समाधान मानू नये, कारण तो सहापैकी एकाच कप्प्याची खबर देतो.

मग करायचं काय?

‘अधूनमधून पाच मिनिटं सुरू करून ठेवतो’ हा सर्वांत लोकप्रिय उपाय, आणि जवळजवळ निरुपयोगी. अर्धी उतरलेली बॅटरी भरायला सतराएक अँपिअर-तास परत घालावे लागतात. जागच्या जागी मंद फिरणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर कमी वीज देतो, त्यातली काही पंखा, इंधनपंप आणि दिवे घेऊन जातात. शिवाय बॅटरी भरत येते तशी ती सावकाश घेऊ लागते, कारण उरलेलं सल्फेट प्लेटांच्या खोल छिद्रांत असतं. शेवटचे वीस टक्के भरायला काही तास लागतात. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अनेकांनी खाली उतरून गाडी पाच-पाच मिनिटं सुरू ठेवली, आणि तरीही पुढे बॅटऱ्या बदलाव्या लागल्या, त्यामागचं गणित हेच. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं तर धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतं.

कामाचे मार्ग तीन. गावातच असाल तर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा गाडी बाहेर काढा आणि अर्धा-पाऊण तास सलग, जरा वेगात चालवा. भाजी आणायला दोन किलोमीटर जाऊन येणं यात मोजायचं नाही. टायर आणि ब्रेकही दुवा देतील.

गाडीजवळ विजेचा पॉइंट असेल, तर बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा स्वयंचलित चार्जर मिळतो. बॅटरी भरली की तो आपोआप व्होल्टेज उतरवतो आणि झिजेल तेवढंच भरत राहतो.

मुलाकडे सहा महिने अमेरिकेला निघाला असाल आणि पार्किंगमध्ये पॉइंट नसेल, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या आणि दहा नंबरच्या पान्याने काळी, म्हणजे निगेटिव्ह, तार सोडून ठेवा. महिन्याला बावीस अँपिअर-तासांचा बाहेरचा खर्च शून्यावर येतो आणि उरते ती आतली झीज, महिन्याला एक ते पावणेदोन. काळीच तार आधी सोडायची आणि परत लावताना शेवटी, कारण गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. लाल तार सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होईल. तार काढल्याने घड्याळ आणि काही सेटिंग्ज पुसली जातात, काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागते आणि डिकी विजेवरच उघडते. म्हणून आधी गाडीचं पुस्तक बघावं. टर्मिनलवर पांढरा-हिरवट बुरा धरला असेल तर गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून वर व्हॅसलीन लावावं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावं. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटांना घातक असतात, आणि ॲसिड तर वरून कधीच घालायचं नाही.

पूर्ण उतरलेली बॅटरी जंपर केबलने सुरू करताना काळ्या केबलचं शेवटचं टोक बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लावतात. मघाशी पाहिलेला तो हायड्रोजन बॅटरीभोवती साठलेला असू शकतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं तरी एक ठिणगी पुरते, आणि शेवटचं टोक जोडताना ठिणगी पडतेच. असं सुरू झाल्यावर बॅटरी भरायचं काम अल्टरनेटरवर सोडू नये. बॅटरीवाल्याकडे नेऊन दहा-बारा तास मंद चार्जिंगला लावली, तर न पिकलेलं सल्फेट तरी परत येतं.

वीजगाडीलाही सुटका नाही

‘आमची इलेक्ट्रिक आहे’ असं म्हणून कुणी निश्चिंत होऊ नये. वीजगाडीच्या तळाशी शेकडो व्होल्टचा मोठा लिथियम पॅक असतो, पण गाडी बंद असताना सुरक्षेसाठी तो जाड स्विचांनी बाकी गाडीपासून तोडलेला असतो. ते स्विच जोडायला वीज लागते, आणि ती येते त्याच बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीतून; बऱ्याच गाड्यांत ती अजूनही शिशाचीच असते. ती उतरली तर पोटात तीनशे किलोमीटरची ऊर्जा भरलेली गाडी जागची हलत नाही. अनेक कंपन्यांच्या गाड्या उभ्या असतानाही मोठ्या पॅकमधून छोटीला अधूनमधून वीज देतात, पण सगळ्या देत नाहीत.

हे सगळं ऐकून असं वाटेल, की शिशाच्या बॅटरीला उभं राहणंच मानवत नाही. तसं मुळीच नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये 24 सेल एकापुढे एक जोडून 48 व्होल्टच्या बॅटऱ्या उभ्या असत. वीज गेली तरी फोन चालू राहावा, एवढंच त्यांचं काम. अशा बॅटऱ्या जागच्या न हलता वीस-वीस वर्षं टिकत, कारण त्या सतत भरलेल्या ठेवल्या जात. पांढऱ्या कणांना खडा बनायला फुरसतच मिळत नसे. बॅटरी उभं राहिल्याने मरत नाही, अर्धपोटी उभं राहिल्याने मरते. वरचे तिन्ही उपाय याच एका वाक्यातून निघतात.

आणि एवढं करून ती गेलीच, तर शिसं मात्र जात नाही. खडा झालेलं सल्फेट भट्टीत गेलं की त्यातून पुन्हा शुद्ध शिसं निघतं आणि नव्या प्लेटांवर चढतं; हे चक्र कितीही वेळा फिरवता येतं. म्हणूनच जुनी बॅटरी परत दिली की दुकानदार नवीच्या किमतीत सूट देतो, आणि 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेच शिसं गल्लीतल्या उघड्या भट्टीत वितळवलं, तर त्याचा धूर आणि धूळ आसपासच्या मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते. तुमच्या बॅटरीतलं शिसं याआधी किती गाड्यांतून फिरून आलं आहे, हे कुणालाच सांगता येणार नाही. पुढे ते कुठे जाईल, हे मात्र तुम्ही जुनी बॅटरी कुणाच्या हाती देता त्यावर ठरतं.